हेल्पर फंक्शनचा रिव्ह्यू: सुरुवात फंक्शनपासून करू नका

प्रश्न पुन्हा थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. केळीच्या बागेत ठिबकचे व्हॉल्व्ह उघडबंद करणारा एक लहानसा ओपन सोर्स डेमन, म्हणजे मागे सतत चालू राहणारा प्रोग्राम, आहे. सी भाषेतला, लिनक्सच्या छोट्या बोर्डावर चालणारा. विचारणारे धुळ्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेत. त्यांच्या जळगावच्या मित्राने या डेमनसाठी एक हेल्पर, म्हणजे बाकीच्या कोडने बोलवायचं छोटं फंक्शन, लिहिलाय: फाइलचा पाथ द्यायचा, आतला सगळा मजकूर मेमरीत येऊन त्या जागेचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, मिळतो. एकूण २२ ओळी. हेच काम सध्या तीन ठिकाणी हाताने केलेलं आहे, ते एका जागी यावं हा हेतू. रिव्ह्यूची जबाबदारी यांच्यावर आली. यांनी पॅच (मित्राने पाठवलेला बदल) लावला, कंपाइल केला, चालवला, नीट चालला. आता विचारतायत, "आणखी काय बघायचं असतं?"

ते फंक्शन करतं काय, तेही सांगून ठेवतो. ओपनने फाइल उघडतं. एफस्टॅटला आकार विचारतं. आकारापेक्षा एक बाइट जास्त मेमरी मॅलॉककडून घेतं. एकदा रीड करतं आणि आलेला आकडा साइझ-टी प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये ठेवतं. तो शून्यापेक्षा कमी असेल तर नल (रिकामा पॉइंटर) परत देतं, नाहीतर मजकुराच्या शेवटी, स्ट्रिंग संपल्याची खूण म्हणून, शून्य बाइट टाकून, फाइल बंद करून पॉइंटर हातात देतं. वाचायला सुबक आहे. पंचविशीत मीही त्याला बिनधास्त होकार दिला असता.

भाऊ, तुम्ही सुरुवात चुकीच्या टोकाकडून केलीत. फंक्शन आधी मिटून ठेवा आणि जिथून ते बोलावलं जाणार आहे त्या तीन जागा उघडा. हेल्परचं बरं-वाईट त्याच्या पोटात नसतं, त्याला बोलावणाऱ्या ओळीत असतं. फंक्शन एकदाच लिहिलं जातं. ती ओळ पुढची दहा वर्षं वेगवेगळी माणसं, बहुतेक वेळा घाईत, लिहीत राहतात.

पहिली जागा कॉन्फिग फाइल वाचते. डेमन सुरू होताना एकदाच. फाइल नसली तरी चालतं, मग ठरलेल्या किमती वापरल्या जातात. दुसरी जागा /सिस खालच्या फाइलमधून बोर्डाचं तापमान वाचते, दर पाच सेकंदांनी, आणि त्यासाठी स्टॅकवरच, म्हणजे काम संपलं की आपोआप सुटणाऱ्या मेमरीत, ६४ बाइटचा बफर (तात्पुरती जागा) वापरते. तिसरी /प्रॉक/मेमइन्फो उघडून किती मेमरी उरली ते बघते. वरवर पाहता तिन्हीकडे "फाइल वाचणे" हेच आहे. पण नीट बघा, दुसऱ्या जागेला मॅलॉकची गरजच नव्हती. ती हेल्परवर आणली की तिला दोन नवी दुखणी लागतात: मेमरी मिळाली नाही तर काय, आणि काम झाल्यावर ती परत करायला कोणी विसरलं तर काय.

विसरलं तर काय होतं ते हिशेबाने बघू. दर पाच सेकंदांनी एकदा म्हणजे दिवसाला १७,२८० वेळा. /सिस मधल्या साध्या फाइलचा आकार एफस्टॅट ४,०९६ बाइट सांगतो, आत पाच आकडे असले तरी. म्हणजे मेमरी परत करणाऱ्या प्रत्येक विसरलेल्या फ्रीमागे चार हजारांवर बाइट अडकले. दिवसाअखेर ७० एमबीच्या आसपास. बोर्डावर ६४ एमबी मेमरी असेल तर रात्रीचं पाणी सुटायच्या आत डेमन आडवा. जुन्या ६४ बाइटच्या बफरमध्ये ही चूक करणं शक्यच नव्हतं.

म्हणून पहिला शेरा हा: दुसरी जागा या हेल्परमधून वगळा. दिसायला सारख्या आहेत म्हणून तिघांना एकाच दावणीला बांधायचं नाही.

आता फंक्शन उघडा. तिसरी जागा डोळ्यासमोर ठेवून वाचा, चूक आपोआप समोर येईल. टर्मिनलमध्ये /प्रॉक/मेमइन्फोचा आकार विचारून बघा: शून्य. /प्रॉक मधल्या बहुतेक फाइली डिस्कवर कुठेच नसतात. तुम्ही वाचायला लागता तेव्हा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या क्षणी मजकूर तयार करतो, त्यामुळे आधी आकार सांगायचा प्रश्नच येत नाही. मित्राचं फंक्शन शून्य अधिक एक, म्हणजे एक बाइट मागतं, एकही बाइट वाचत नाही, त्यावर शून्य टाकतं आणि रिकामी स्ट्रिंग परत देतं. नल नाही, एरर नाही, सगळं आनंदात. बोलावणाऱ्याला वाटतं फाइल वाचली. तुम्ही कॉन्फिग फाइलवर चालवून पाहिलंत, म्हणून तुम्हाला हे दिसलं नाही.

आकार आधी विचारून तेवढंच वाचायचं, ही कल्पनाच कच्ची आहे. साध्या फाइलीतही विचारणं आणि वाचणं यांच्या मधल्या वेळात कोणी तरी भर घालू शकतं. शिवाय रीडने मागितले तेवढे बाइट एका दमात द्यावेत असा करार नाही. तो कमी देऊ शकतो, मध्येच सिग्नल आला तर ई-इंटर देऊन रिकाम्या हाताने परतू शकतो. बरोबर रीत एकच: रीड शून्य देईपर्यंत फिरत राहायचं आणि बफर भरला की वाढवायचा. आणि वाढवायला एक कमाल मर्यादा ठेवायची, कारण चुकून कोणी /डेव्ह/झीरोचा पाथ दिला तर ते वाचन कधी संपणारच नाही. बफर वाढवताना मेमरीचा आकार बदलणाऱ्या रिॲलॉकचा निकाल थेट जुन्या पॉइंटरमध्ये ठेवला असेल तर तिथेही बोट ठेवा. रिॲलॉक फसला की नल येतो आणि जुन्या मेमरीचा पत्ता कायमचा हरवतो.

यापेक्षा मोठी गोष्ट साइझ-टीची आहे. साइझ-टीला उणे संख्या माहीतच नाही. रीड फसला की उणे एक देतो, तेव्हा तो साइझ-टीत जाऊन सगळ्यात मोठी संख्या बनतो. मग "शून्यापेक्षा कमी आहे का" हा प्रश्न कधीच खरा ठरत नाही, ती ओळ मेलेलीच समजा. पुढची ओळ त्या राक्षसी आकड्याच्या जागी शून्य लिहायला जाते, आणि पत्ता फिरून बफरच्या एक बाइट आधी येऊन पडतो. घडवून बघायचं असेल तर पाथ म्हणून एखादी डिरेक्टरी द्या. वाचण्यापुरतं ओपन तिच्यावर यशस्वी होतं, एफस्टॅटही काही तरी आकार सांगतो, रीड मात्र ई-इज-डिर म्हणून नकार देतो.

गंमत म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर तरीही काही पडणार नाही. ग्लिबसीचा (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीचा) मॅलॉक प्रत्येक तुकड्याच्या लगेच आधी त्या तुकड्याचा आकार लिहून ठेवतो. आपले नेहमीचे प्रोसेसर लिटल-एंडियन, म्हणजे संख्येचा खालचा बाइट आधी ठेवणारे, म्हणून बफरच्या अगदी आधीचा बाइट हा त्या आकड्याचा सर्वांत वरचा बाइट, आणि लहान तुकड्यात तो आधीच शून्य असतो. शून्यावर शून्य लिहिलं. कोणाला कळलं? पॉइंटर परत आला, आत कचरा, आणि बोलावणारा त्याला मजकूर समजून वाचत बसला. जीसीसी कंपायलरला डब्ल्यू-एक्स्ट्रा हा जादा इशाऱ्यांचा पर्याय देऊन कंपाइल केलं असतं तर "ही तुलना नेहमी खोटी आहे" असा इशारा मिळाला असता, आणि अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या हद्दीबाहेरचा हात पकडणारं साधन) लावून चालवलं असतं तर पहिल्याच फटक्यात सापडलं असतं. "चालवून पाहिलं" यातल्या "चालवून"ला म्हणून फार वजन देऊ नका.

आता मालकी. आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं. आमच्या आजीला घरात परकं भांडं दिसलं की ती एकच विचारायची, "हाई कोनं शे?" लग्नकार्यात भाऊबंदांची भांडी एकत्र होतात, म्हणून तर आपल्याकडे तांब्या-पातेल्यांवर नावं कोरून घेतात. हेल्परमधून येणाऱ्या प्रत्येक पॉइंटरला हाच प्रश्न विचारा. ही मेमरी कोणाची? फ्री कोणी करायचं? फसल्यावर काही हातात राहतं का? मित्राच्या फंक्शनवर याबद्दल एक अक्षर नाही, आणि नाव "रीड फाइल" एवढंच. नावावरून वाटत नाही की ते नवीन मेमरी घेतं. लिनक्स कर्नलमध्ये के-मेम-डुप, के-स्ट्र-डुप अशी नावं आहेत. शेवटचं "डुप", म्हणजे डुप्लिकेट, वाचलं की कर्नलमध्ये काम करणाऱ्याचा हात आपोआप के-फ्रीकडे जातो. नाव हेच भांड्यावर कोरलेलं नाव. ते जमत नसेल तर निदान फंक्शनच्या डोक्यावर दोन ओळी हव्यात: मेमरी बोलावणाऱ्याची, फ्रीने सोडा.

फसण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे माझा हात पोळलेला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कंपनीसाठी शेतावर बसवायच्या पेटीचं सॉफ्टवेअर आम्ही लिहीत होतो. त्यात असाच एक फाइल वाचणारा हेल्पर मी लिहिला होता. बोलावणाऱ्यांना नल तपासायचा त्रास नको, म्हणून फाइल उघडली नाही तर मी रिकामी स्ट्रिंग परत देत असे. त्या दिवशी मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. बोलावणारा कोड त्या स्ट्रिंगला ए-टू-आयमधून काढून तापमानाचा आकडा करायचा. पुण्यात एसीच्या खोलीत सगळं उत्तम. मे महिन्यात पेट्या भुसावळकडे लागल्या. तिथलं ऊन तुम्हाला सांगायला नको. बोर्ड सुरू होताना कधी कधी सेन्सरचा ड्रायव्हर उशिरा चढायचा, फाइल नसायची, माझा हेल्पर रिकामी स्ट्रिंग द्यायचा, रिकाम्या स्ट्रिंगचा ए-टू-आय शून्य देतो, आणि डेमन तापमान शून्य अंश समजून पंखा बंदच ठेवायचा. सेन्सर सापडला नाही असं समजून पुन्हा शोधण्याचा कोडही होता, पण त्याला कधी कळलंच नाही की सेन्सर नाहीये. आम्ही तीन दिवस वायरिंग तपासत होतो. चूक माझीच होती, आणि ती रिव्ह्यूतून गेली होती, कारण रिव्ह्यू करणाऱ्याने फंक्शन वाचलं, त्याला बोलावणारी ओळ वाचली नाही.

तुमच्या मित्राचा नल माझ्या रिकाम्या स्ट्रिंगपेक्षा बरा, पण पुरेसा नाही. कॉन्फिगवाल्या जागेला दोन वेगळ्या गोष्टी कळायला हव्यात: फाइलच नाही, म्हणजे ई-नो-एन्ट, तर ठरलेल्या किमती घ्या, फाइल आहे पण वाचायची परवानगी नाही, म्हणजे ई-अ‍ॅक्सेस, तर थांबा आणि ओरडा. नल दोन्हीकडे सारखाच. एर्नो (शेवटच्या एररचा क्रमांक) बघता येईल म्हणाल, तर मधल्या क्लोजने तो बदललेला असू शकतो. आधी जपून ठेवायला हवा. माझी पसंती कर्नलसारख्या रीतीला: फंक्शनने पूर्णांक परत द्यावा, जमलं तर शून्य, नाहीतर उणे एरर क्रमांक, पॉइंटर आणि लांबी बाहेरून दिलेल्या जागांत भरावी. लांबी हवीच. फाइलमध्ये मध्येच शून्य बाइट असला तर स्ट्र-लेन तिथेच थांबतो आणि उरलेला मजकूर गायब होतो. जाता जाता: उणे एक ओळखल्यावर नल देऊन परतणाऱ्या त्यांच्या ओळीत क्लोज आणि फ्री दोन्ही राहिलेत. आज ती ओळ मेलेली आहे म्हणून गळती नाही. साइझ-टी दुरुस्त केला की ती जिवंत होईल आणि गळायला लागेल.

हेल्पर परत काय देतो यावर इतका अडून का बसतो? स्ट्रिंग कॉपी करणाऱ्या फंक्शनांचा इतिहास बघा. स्ट्र-एन-कॉपी शेवटी शून्य बाइट टाकेलच याची हमी देत नाही, म्हणून १९९८ मध्ये ओपन-बीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये स्ट्र-एल-कॉपी आलं. ते हमी देतं. पण परत काय देतं? मूळ स्ट्रिंगची पूर्ण लांबी. ती मोजायला मूळ स्ट्रिंग शेवटपर्यंत वाचावीच लागते, तुम्हाला दहाच बाइट हवे असले तरी. मूळ स्ट्रिंगला शेवटच नसेल, तर वाचन दुसऱ्याच्या शेतात घुसतं. लिनक्स कर्नलमध्ये मग २०१५ साली, ४.३ आवृत्तीत, स्ट्र-एस-कॉपी आलं: बसेल तेवढं कॉपी करतं आणि तुटलं तर उणे ई-टू-बिग देतं. त्यानंतर एकेक जागा बदलत बदलत २०२४ मध्ये, ६.८ मध्ये, स्ट्र-एल-कॉपी कर्नलमधून पूर्ण काढून टाकलं. आणि त्याच्या जेमतेम काही महिने आधी, २०२३ मध्ये, ग्लिबसीने आपल्या २.३८ आवृत्तीत तेच स्ट्र-एल-कॉपी घरात घेतलं होतं! दोन्हीकडे अनुभवी माणसं आहेत; गरजा वेगळ्या. पण परत मिळणाऱ्या एका आकड्याबद्दलचा निर्णय निस्तरायला कर्नलवाल्यांना वर्षानुवर्षं खपावं लागलं, हे विसरू नका.

"तीन जागांसाठी हेल्पर करावा की नाही" असंही तुम्ही विचारलंय. ओळी किती वाचल्या हे मोजू नका. मी एकच बघतो: लोक पुन्हा पुन्हा करतात अशी एखादी चूक या हेल्परमुळे करताच येणार नाही का? रिॲलॉक-अ‍ॅरे घ्या. २०१४ साली ओपन-बीएसडी ५.६ मध्ये आलं, २०१७ मध्ये ग्लिबसी २.२६ मध्ये. करतं काय, तर दोन संख्यांचा गुणाकार करून रिॲलॉक. ओळी वाचतात शून्य. पण गुणाकार साइझ-टीत मावला नाही तर साधा रिॲलॉक लहानशी मेमरी देऊन मोकळा होतो आणि पुढचा कोड तिच्या बाहेर लिहीत सुटतो. रिॲलॉक-अ‍ॅरे तिथे सरळ नल देतं. असा हेल्पर दोनच जागांसाठी असला तरी मी डोळे झाकून घेईन. उलट दहा जागांचे तीन-तीन ओळींचे निरुपद्रवी तुकडे गोळा करणारा हेल्पर आला तर मी कुरकुर करतो, कारण वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी उडी मारून आत काय आहे ते बघून यावं लागतं. तुमच्या मित्राचा हेल्पर पहिल्या प्रकारात बसू शकतो. अर्धवट रीड आणि /प्रॉकचा शून्य आकार या दोन्ही चुका लोक कायम करतात. आजच्या रूपात मात्र तो त्या चुका एका जागी आणून सगळ्यांना वाटतो.

बाकीच्या गोष्टी भराभर. पॅच दोन तुकड्यांत करायला सांगा: आधी हेल्पर, मग जागांचं रूपांतर, पण दोन्ही एकत्रच पाठवायचे. कर्नलमध्ये तर वापरणारा कोणी नसलेला हेल्पर सहसा घेतच नाहीत. ट्रू, फॉल्स असे झेंडे पॅरामीटरमध्ये येऊ देऊ नका. बोलावणाऱ्या ओळीत दुसरा ट्रू कशाचा हे तीन महिन्यांनी लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. एकाच फाइलमध्ये वापर असेल तर फंक्शन स्टॅटिक ठेवा, हेडरमध्ये नको. हेडरमध्ये गेलं की ते सगळ्यांचं झालं. पांझरा नदीवरच्या फडात, म्हणजे सामायिक पाण्यावरच्या शेतांत, पाणी पाटकरी सोडतो, शेतकऱ्याने स्वतः दार उचलायचं नाही; तसं हेडरमधलं फंक्शन बदलताना खालच्या प्रत्येकाचं वावर बघावं लागतं. तीनशे जागा असत्या तर कॉक्सिनेलसारखं, कोडमध्ये एकाच प्रकारचे बदल आपोआप करणारं, हत्यार घेऊन बदल केला असता, तीन जागांना हातच बरा.

तपासणी कशी करायची? रिकामी फाइल, नसलेली फाइल, डिरेक्टरी, /प्रॉक/मेमइन्फो, /सिस मधली तापमानाची फाइल, मध्ये शून्य बाइट असलेली फाइल, आणि एखादी फिफो (दोन प्रोग्रामांमधली नळीसारखी फाइल). फिफोवर नुसतं ओपनच समोरून कोणी लिहायला येईपर्यंत अडकून बसतं. डेमनला ते परवडतं का, हे मित्रालाच ठरवू द्या.

शिक्क्याबद्दल. कर्नलच्या रीतीत "रिव्ह्यूड-बाय" म्हणजे मी तांत्रिक तपासणी केली, दिसलेल्या अडचणी लेखकाला सांगितल्या, त्यांच्या उत्तरांनी माझं समाधान झालं आणि हा बदल घेण्याजोगा आहे असं मला वाटतं. पुढे काही बिघडलं तर त्याची हमी तो देत नाही, पण तपासल्याचं जाहीर म्हणणं आहे. तुम्ही आत्तापर्यंत जे केलं त्याला "टेस्टेड-बाय" म्हणतात. तेही मोलाचं आहे, पण तेवढंच आहे. मित्र आहे म्हणून वरचा शिक्का मारू नका.

सांगायचं कसं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. आपल्याकडे बोलणं सरळ. "काय भो, हे काय लिहिलंस" असं तोंडावर म्हटलेलं चालतं, लिहिलं की तेच टोचतं. साइझ-टीची गोष्ट आधी फोनवर सांगा, डिरेक्टरी देऊन त्याला स्वतःला बघू द्या. मग लेखी शेऱ्यात अडवणाऱ्या गोष्टी आणि आवडीनिवडीच्या गोष्टी वेगळ्या करा. मी असं लिहिलं असतं:

"कल्पना पटली, अर्धवट वाचनाची चूक एका जागी सुटेल. घेण्याआधी चार गोष्टी हव्यात: रीडचा निकाल चिन्ह असलेल्या प्रकारात ठेवणे, एफस्टॅटवर विसंबून न राहता शेवट येईपर्यंत, कमाल मर्यादेत वाचणे, नलऐवजी एरर क्रमांक आणि लांबी परत देणे, फसण्याच्या प्रत्येक वाटेवर क्लोज आणि फ्री. नावात मेमरी नवीन आहे हे दिसलं तर आवडेल, पण त्यासाठी अडवणार नाही. तापमानाच्या फाइलसाठी हा हेल्पर वापरू नये असं माझं मत आहे. ६४ बाइटचा बफर तिथे जास्त सुरक्षित आहे."

शेवटच्या वाक्यावर तो वाद घालेल, "मग दोनच जागा उरतात" म्हणेल. उरू द्या. त्याला १७,२८० चा हिशेब दाखवा, आणि तरी ऐकलं नाही तर त्या एका मुद्द्यावर अडून बसा.